जागा मिळेल का, जागा?

मुंबईच्या मराठीत ‘जागा’ म्हणजे घर. ‘जागा घेतली’, ‘जागा सोडली’, ‘लग्न ठरलंय, पण जागेचं जमत नाही’ ही वाक्यं ज्यांच्या कानांवर लहानपणापासून पडली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. पुण्यात त्यासाठी दुसरा शब्द होता, ‘बिऱ्हाड’. माणूस नोकरीसाठी यायचा, एखाद्या वाड्यात दोन खणांची खोली बघायचा आणि बिऱ्हाड करायचा. नागपूर-अमरावतीकडे लोक ‘किरायानं’ घर घेतात. शब्द निरनिराळे असले तरी काळजी एकच. दुसऱ्याच्या मालकीच्या छपराखाली आपला संसार मावेल का आणि टिकेल का?

घरमालक आणि भाडेकरू यांच्या भांडणावर आजवर पुष्कळ बोललं गेलं आहे. कोर्टकज्जे, नाटकं, सिनेमे, सगळं झालं. मला आज बोलायचं आहे ते या भांडणात नसलेल्या तिसऱ्या माणसाबद्दल. हा तिसरा माणूस म्हणजे ज्याला अजून जागाच मिळालेली नाही तो. हातात पिशवी किंवा वळकटी घेऊन ‘जागा आहे का?’ असं विचारत फिरणारा. आपल्याकडच्या भाड्याच्या घरांचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास वाचताना मला सतत जाणवत आलं आहे, की कायदे झाले ते घराच्या आत असलेल्या माणसासाठी. दाराबाहेरच्या माणसाची नोंद फारशी कोणी घेतलीच नाही.

सुरुवात मुंबईपासून करू. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचे रोगी आढळले. पुढं काय झालं ते सर्वांना माहीत आहे. साथीनं सरकारचं लक्ष प्रथमच गरिबांच्या खोल्यांकडे गेलं आणि १८९८ मध्ये मुंबई सुधार ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टनं कोंदट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, नव्या चाळीही बांधल्या. पण पाडलेल्या खोल्या आणि बांधलेल्या खोल्या यांचा मेळ सुरुवातीच्या वर्षांत काही बसला नाही. गिरण्यांची मागणी मात्र वाढत होती आणि कोकणातून, देशावरून माणसं येतच होती. खासगी मालकांनी चाळी बांधल्या त्या या माणसांसाठी. एक खोली, बाहेर सामाईक व्हरांडा, मजल्याच्या टोकाला नळ आणि संडास.

नव्यानं आलेल्या गिरणी कामगाराला खोली कशी मिळायची? बहुतेक वेळा मालकाकडून मिळायचीच नाही. ती मिळायची गाववाल्याकडून. एका गावचे दहा-पंधरा जण मिळून एक खोली घ्यायचे, भाडं वाटून द्यायचे आणि पाळीपाळीनं झोपायचे. गावचा नवा पोरगा आला की त्याची ट्रंक त्याच खोलीत. गोव्याहून आलेल्यांचे ‘कूड’ असेच होते. धोबीतलाव, माझगाव या भागांत एकेका गावाच्या नावानं कूड चालत आणि बोटीवर काम शोधणारा खलाशी तिथं उतरत असे. या व्यवस्थेत माया होती, आधार होता. पण तिची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जागा मिळणं हे तुमच्या ऐपतीवर नव्हे, तर तुम्ही कुठले आणि कोणाचे यावर ठरत होतं.

पहिल्या महायुद्धाच्या काळात महागाई वाढली, तशी भाडीही वाढली. तेव्हा १९१८ मध्ये मुंबई सरकारनं भाडेवाढीला आळा घालणारा पहिला कायदा केला. तो युद्धकाळापुरता, मुदतीचा होता. पण ‘मालकाला वाटेल तसं भाडं वाढवता येणार नाही’ हे तत्त्व आपल्याकडे आलं ते तिथून. भाडेकरूंच्या हक्काचा इतिहास सांगणारे साहजिकच १९१८ पासून सुरुवात करतात.

मी एक वर्ष अलीकडून, म्हणजे १९१७ पासून सुरुवात करते. त्या वर्षी एक तरुण बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेला. अमेरिकेत आणि लंडनला शिकून आलेला, बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती घेतलेला. खिशात पगाराची हमी होती, पण शहरात जागा मिळेना. अखेर एका पारशी धर्मशाळेत, दिवसाला दीड रुपया भाडं ठरवून, पारशी नाव लावून तो राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. संध्याकाळपर्यंत खोली सोडायचं कबूल करून त्यानं दोन मित्रांकडे आसरा मागितला, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. मग कमाठी बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीनं तो मुंबईला परतला. हा तरुण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. हा अनुभव त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. मुंबईत त्यांचं बिऱ्हाड होतं ते परळला, सुधार ट्रस्टच्या चाळीत, म्हणजे सार्वजनिक मालकीच्या घरात. १९१२ ते १९३४ या काळातला त्यांचा पत्ता तोच.

१९१७ आणि १९१८. एका वर्षात दार बंद होतं आणि पुढच्या वर्षी भाड्याचा कायदा येतो. कायद्यानं विचारलं, ‘भाडं किती?’ ‘दार कोणाला उघडलं?’ हे विचारलं नाही. पुढच्या सगळ्या कायद्यांमध्ये हा फरक तसाच राहिला.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तीच परिस्थिती आली, पण कितीतरी मोठ्या प्रमाणावर. १९३९ मध्ये एक कायदा आला, १९४४ मध्ये दुसरा, आणि मग १९४७ चा तो प्रसिद्ध मुंबई भाडेनियंत्रण कायदा. तो १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. त्यात भाडं गोठवलं गेलं ते १ सप्टेंबर १९४० या तारखेच्या पातळीवर. या कायद्याला आज नावं ठेवणं सोपं आहे. पण ते दिवस आठवा. १९४१ मध्ये मुंबई बेटाची लोकसंख्या १५ लाखांच्या आसपास होती, ती १९५१ मध्ये २३ लाखांवर गेली. युद्धामुळे बांधकाम थांबलेलं, सिमेंट-लोखंड मिळत नाही, फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येताहेत. अशा वेळी हा कायदा नसता, तर हजारो कुटुंबं रस्त्यावर आली असती. भाडं थकवलं, पोटभाडेकरू ठेवला, मालकाला स्वतःला जागेची खरोखर गरज आहे, अशी ठरावीक कारणं असल्याशिवाय मालक आता भाडेकरूला काढू शकत नव्हता. भाडेकरू वारला तर हक्क त्याच्याबरोबर राहणाऱ्या घरच्या माणसाकडे जात होता.

यातून एका कागदाला विलक्षण महत्त्व आलं. तो कागद म्हणजे भाडेपावती. आमच्या गिरगावातल्या घरी या पावत्या एका तारेला ओवून खुंटीला टांगलेल्या असत. वडील गेली कित्येक वर्षं भाडं भरत होते, पण पावती आजोबांच्याच नावाची. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मालकाचे मेहताजी येत. ते आले नाहीत, की वडील अस्वस्थ होत. भाडं न्यायला कोणी आलं नाही म्हणून अस्वस्थ होणारा माणूस मुंबईतच सापडायचा! त्याचं कारण साधं होतं. मालकाला भांडण उकरून काढायचं असेल तर तो भाडं घेणंच बंद करी, म्हणजे पावती द्यायला नको. मग भाडेकरू मनिऑर्डर करी. मालकानं ती नाकारली, की परत आलेली मनिऑर्डरची चिठ्ठी जपून ठेवी. पुढं लघुवाद न्यायालयात तीच कामाला येई.

भाडं गोठलं, पण जागेची किंमत गोठली नाही. भाड्यात जे पैसे मावेनात ते दुसऱ्या वाटेनं वाहू लागले. त्या वाटेचं नाव पागडी. जुना भाडेकरू जागा सोडताना येणाऱ्याकडून रोख रक्कम घ्यायचा. त्यातला साधारण तिसरा हिस्सा मालकाला मिळायचा आणि मालक नव्या माणसाच्या नावानं पावती फाडायचा. १९४७ च्या कायद्यानं असे पैसे घेणं हा गुन्हा ठरवला होता. तरी सगळ्या शहराचा व्यवहार याच मार्गानं चालला. यात पैसे कोणाला मिळाले ते बघा. मालकाला मिळाले, जुन्या भाडेकरूलाही मिळाले. दिले ते दाराबाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसानं. बायकोच्या पाटल्या मोडून, गावची जमीन विकून त्यानं पागडी भरली आणि आत गेल्यावर तोही पावतीला चिकटून बसला. ज्याच्याजवळ मोडायला काहीच नव्हतं तो झोपडपट्टीत गेला.

मालकांची बाजूही न्यायानं पाहिली पाहिजे. सगळे मालक काही शेठजी नव्हते. एखादी दोन मजली चाळ आणि तिच्या भाड्यावर चालणारं घर, अशीही अनेक कुटुंबं होती. १९४० च्या भाड्यात १९६५ ची डागडुजी होणार कशी? चाळी पावसाळ्यात कोसळू लागल्या. तेव्हा १९६९ मध्ये सरकारनं दुरुस्ती मंडळाचा कायदा केला आणि जुन्या इमारतींवर उपकर बसवला. अशा उपकरप्राप्त इमारती मुंबई शहरात १९,६४२ होत्या. १९८६ मध्ये आणखी एक तरतूद आली. ७० टक्के रहिवाशांनी मागणी केली तर अशी इमारत सरकारनं ताब्यात घेऊन त्यांच्या सहकारी संस्थेकडे द्यायची आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभर पट मोबदला द्यायचा. मालकांनी या तरतुदीला आव्हान दिलं. त्यातून निघालेला घटनेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठासमोर गेला. प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती मानता येणार नाही, असा बहुमताचा निकाल लागला तो ५ नोव्हेंबर २०२४ रोजी. मालकानं भाडेकरूला भ्यायचं आणि भाडेकरूनं मालकाला, अशी दोन-तीन पिढ्यांची ही कथा आहे.

या भीतीतूनच ‘लिव्ह अँड लायसन्स’ हा शब्द आपल्या बोलण्यात आला. भाडेकरू म्हणून ठेवलं तर निघणार नाही, मग केवळ वापरायची परवानगी द्यावी, ही त्यामागची कल्पना. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात ‘लायसन्स’ची व्याख्या होतीच. कागदावर नाव काहीही असलं तरी खरा व्यवहार काय होता हे पाहावं लागेल, असं सर्वोच्च न्यायालयानं १९५९ मध्ये सांगितलं होतं. तरीही ही पद्धत फोफावली. मग १९७३ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा परवानगीनं राहणारे सगळे एका फटक्यात संरक्षित भाडेकरू झाले. त्यांच्यापुरता तो दिलासाच होता. पण त्या दिवसापासून मुंबईतल्या, पुण्यातल्या कितीतरी घरमालकांनी कानाला खडा लावला. ‘एक वेळ कुलूप लावून ठेवीन, पण भाड्यानं देणार नाही.’ जागा दिलीच तर बँकेला, कंपनीला. नाहीतर नात्यातल्या, ओळखीतल्या माणसाला. देशाच्या शहरांमधली १९६१ साली ५४ टक्के कुटुंबं भाड्याच्या घरांत राहत होती. २०११ च्या जनगणनेत ते प्रमाण २७ टक्क्यांच्या आसपास आलं. त्याच जनगणनेत शहरांमध्ये १ कोटीहून अधिक घरं रिकामी आढळली. भाडेकरू कमी झाले याचं एक कारण लोक घरांचे मालक झाले हे आहेच. पण कुलपांचाही त्यात वाटा आहे.

कानाला खडा लावलेल्या या काळात, १९७८ साली, मी नोकरीसाठी पुण्याला गेले आणि बिऱ्हाड शोधू लागले. पुण्यात १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पुरानं नदीकाठच्या पेठांतले वाडे पडले होते, त्यांच्या जागी इमारती उठत होत्या. तरी वाडे अजून पुष्कळ होते आणि वाड्यातली रिकामी खोलीही असायची. मालकीणबाई विचारायच्या, ‘तुम्ही कुठल्या? आडनाव काय? लग्न झालंय का? रात्री यायला किती वाजतात? भेटायला कोण कोण येणार?’ भाड्याचा विषय सगळ्यात शेवटी. माझ्याच महाविद्यालयातला एक सहकारी तेव्हा जागेच्या शोधात होता. पगार माझ्यापेक्षा जास्त, स्वभाव माझ्यापेक्षा शांत. एका वाड्यात त्याला खोली आवडली, बोलणी झाली, आडनाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, ‘जागा कालच गेली.’ आठ दिवसांनी तीच खोली मला मिळाली. मी तिथं तीन वर्षं राहिले. मालकीणबाई प्रेमळ होत्या, आजारपणात त्यांनी माझं पथ्यपाणी केलं. त्या दुष्ट होत्या असं मी म्हणणार नाही. त्यांना कोणी कधी जाब विचारला नाही, एवढंच.

१९८८ मध्ये ‘अशी ही बनवाबनवी’ आला. पुण्यात जागा हवी असलेले चार तरुण. घरमालकीण लीलाबाई काळभोर फक्त विवाहितांनाच जागा देणार. म्हणून दोघं जण साड्या नेसून बायका होतात. महाराष्ट्र पोट धरधरून हसला, मीही हसले, आजही हसते. पण जागा मिळवण्यासाठी माणसाला दुसरंच कोणीतरी व्हावं लागतं, या गोष्टीवर सिनेमा उभा राहतो आणि ती गोष्ट प्रेक्षकांना समजावून सांगावी लागत नाही, याचा अर्थ काय? बडोद्याच्या धर्मशाळेतही नाव बदलावंच लागलं होतं. फक्त तिथं हसण्यासारखं काही नव्हतं.

पुढं १९९७ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं १९४० चं भाडं गोठवून ठेवणं आता अवाजवी झालं आहे, असं स्पष्ट सांगितलं. त्यानंतर महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. मुंबई राज्याचा, मध्य प्रांत-वऱ्हाडचा आणि हैदराबाद राज्याकडून आलेला असे तीन जुने कायदे जाऊन सगळ्या राज्याला एक कायदा मिळाला. जुन्या भाडेकरूंचं संरक्षण राहिलं, भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ मान्य झाली आणि पागडीला राजमान्यता मिळाली.

माझ्या दृष्टीनं त्यातल्या दोन तरतुदी सर्वांत महत्त्वाच्या आहेत. एक, जागा भाड्यानं किंवा परवानगीनं देण्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असलाच पाहिजे, आणि ही जबाबदारी मालकाची. करार नोंदवला नाही, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं, विरुद्ध पुरावा नसेल तर, खरं धरलं जातं. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही’ असं दलाल अजूनही सांगतात. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सूट होती, त्यातून आलेली ही समजूत. महाराष्ट्रात २००० पासून ती लागू नाही. दुसरी तरतूद, परवानगीची मुदत संपूनही राहणारा जागा सोडत नसेल तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागू शकतो आणि तोवर दुप्पट शुल्क वसूल करू शकतो.

याचा परिणाम आज एकाच मजल्यावर दिसतो. एका दारामागं तीन पिढ्या राहताहेत, महिन्याला काहीशे रुपये भरून. शेजारच्या दारामागं एक तरुण जोडपं पगाराचा मोठा हिस्सा भाड्यात घालतं आणि दर अकरा महिन्यांनी टेम्पो बोलावतं. त्यांच्या मुलांची शाळा, गॅस, पत्ता, सगळं अकरा महिन्यांच्या हिशेबात. २ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यानं राहत्या घरासाठी अनामत रक्कम दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नसावी असं सुचवलं आहे. अर्थात तो नमुना आहे, स्वीकारायचा की नाही हे राज्यांनी ठरवायचं. त्यातही भाडं, मुदत, अनामत, दुरुस्ती हे सगळं आहे. दार कोणाला आणि का नाकारलं, हा प्रश्न त्यातही नाही.

घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदानं दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांचे दरवाजे सर्वांना उघडे केले. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहायला मज्जाव करणं हा १९५५ च्या कायद्यानं गुन्हा आहे. पण खासगी घराचा मालक कारण सांगतच नाही. तो म्हणतो, ‘जागा कालच गेली.’ या तीन शब्दांवर कुठला खटला भरणार?

मालक आजवर म्हणत, की एकदा आत आलेला माणूस निघत नाही, म्हणून आम्ही पारखून घेतो. ती भीती खोटी नव्हती. पण २००० पासून नोंदणी केलेल्या करारानं त्या भीतीची सोय केली आहे. मुदत लिहिलेली, रक्कम लिहिलेली, दोन साक्षीदार, ताबा परत मिळण्याचा रस्ता आखलेला. आता आडनाव, ताटातलं अन्न, देव, लग्न यांची चौकशी जागा जाण्याच्या भीतीनं केली असं म्हणता येणार नाही. ती चौकशी आपण आपल्या मनानं करतो.

आज ऐकणाऱ्यांत घरमालक असतील, तसे जागा शोधणारेही असतील. शोधणाऱ्यांना सांगेन, करार नोंदवल्याशिवाय अनामत देऊ नका आणि प्रत स्वतःजवळ ठेवा. घरमालकांना एवढंच सांगेन, की समोरच्याचा पगार विचारा, आधीच्या मालकाचा नंबर विचारा, करार वकिलाला दाखवा. हे सगळे व्यवहाराचे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं नीट मिळाली असतील तर पुढचा प्रश्न विचारायची गरज नाही. किल्ली द्या.